लिस्बनच्या चढणी कशा चढाल?

पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही सात टेकड्यांची नगरी म्हणून ओळखली जाते. वास्को द गामा १४९७ साली हिंदुस्थानकडे निघाला तो येथूनच. या शहरात तुम्ही पाहुणे म्हणून गेलात, तर नकाशावर अगदी शेजारी दिसणारी जागा प्रत्यक्षात तुमच्या डोक्यावर चाळीस-पन्नास मीटर उंच असल्याचे आढळेल! म्हणून येथे वाहन निवडताना भूगोलाइतकेच पदार्थविज्ञानही उपयोगी पडते.

प्रथम तिकिटाचे पाहू. मेट्रोच्या स्थानकावर ‘नावेगान्ते’ नावाचे कार्ड मिळते. त्यावर चोवीस तासांचा पास भरून घेतला की मेट्रो, बस आणि ट्रॅम या तिन्हींतून हिंडता येते. ट्रॅममध्ये रोख पैसे दिल्यास भाडे अधिक पडते. विमानतळावरून मेट्रोच्या तांबड्या मार्गाने निघावे, आलामेदा येथे हिरवा मार्ग धरावा आणि बाइशा-शियादू स्थानकावर उतरावे. बाइशा हा शहराचा सखल भाग आणि शियादू हा उंचावरचा. एकाच स्थानकाची दारे दोन्हींकडे उघडतात व मधली चढण लांबलचक सरकते जिने चढवून देतात.

आता २८ क्रमांकाच्या ट्रॅमकडे वळू. हिच्या मार्गावर १३.५ टक्क्यांपर्यंत चढ आहे. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना साडेतेरा मीटर वर चढायचे. कर्जतहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या आगगाडीला ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के चढ असतो आणि तेवढ्यासाठीही मागून जादा इंजिने लावावी लागतात. ही चिमुकली ट्रॅम त्याच्या पाचपट चढ कशी चढते?

उत्तर घर्षणात आहे. आगगाडीत चाके जोराने फिरवते ते फक्त इंजिन. डबे नुसते ओढले जातात. त्यामुळे रुळावर पकड घेण्यासाठी इंजिनाचेच वजन उपयोगी पडते, पण ओढायचे मात्र सगळ्या गाडीला. या ट्रॅमला चारच चाके असून ती चारही मोटारींनी फिरतात, म्हणून तिचे सगळे वजन पकडीच्या कामी येते. चाके घसरू नयेत यासाठी घर्षणगुणांक निदान ०.१३५ हवा. कोरड्या रुळावर पोलादाला पोलादाची पकड याहून बरीच जास्त मिळते. पाऊस किंवा तेलकटपणा यांमुळे ती कमी होते, तेव्हा रुळावर वाळू टाकतात.

चढ आणखी वाढला की नुसत्या घर्षणावर विसंबणे धोक्याचे. तेथे दुसरी युक्ती येते: तोल. लिस्बनमध्ये १८८४ साली लावरा, १८८५ मध्ये ग्लोरिया आणि १८९२ मध्ये बिका अशा केबलगाड्या सुरू झाल्या. त्यांचा अभियंता राऊल मेनिए दु पोंसार. बाइशातील ४५ मीटर उंचीचा सांता जुस्ता हा १९०२ सालचा लोखंडी उद्‌वाहकही त्याचाच.

ग्लोरियाचा चढ सुमारे १८ टक्के. तेथे दोन गाड्या एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या असत. दोर वरच्या टोकाच्या कप्पीवरून जाई. एक गाडी उतरली की दुसरी चढे. प्रत्येक गाडी आपल्या वजनाच्या सुमारे १८ टक्के बलाने खाली ओढली जाते, पण दोन्ही ओढी परस्परांना तोलून धरतात. मोटारीला उरते ते प्रवाशांच्या वजनातील फरक आणि घर्षण यांवर मात करण्याचे काम. आरंभी तर वरच्या गाडीच्या टाकीत पाणी भरून तिला जड करीत आणि तिच्या वजनानेच खालची गाडी वर येई!

मात्र तोल म्हणजे ब्रेक नव्हे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाच्या वरच्या गाडीतील जोडणीपाशी दोर तुटला. चालकाने ब्रेक लावले, पण खालच्या गाडीचा तोल नाहीसा झाल्यावर एकटी गाडी थोपवण्यास ते अपुरे पडले. गाडी उतारावरून घसरून इमारतीवर आदळली व १६ जणांचा मृत्यू झाला. तुटलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता, असे प्राथमिक चौकशीत आढळले. त्या दिवशी सकाळी तपासणी झाली होती. परंतु जोडणीची जागा गाडीचे भाग सुटे केल्याशिवाय दिसतच नव्हती. शहरातील इतर केबलगाड्याही तपासणीसाठी थांबवण्यात आल्या. तेव्हा तेथे जाल तर कोणती गाडी चालू आहे याची आधी चौकशी करा.

हे सारे तुम्हांला घरीही पाहता येईल. एक फळी तिरकी ठेवा. वरच्या टोकाला दोऱ्याचे रिकामे रीळ सहज फिरेल असे बसवा. त्यावरून दोरा घेऊन त्याच्या टोकांना दोन सारख्या खेळण्यातल्या मोटारी बांधा. बोटाच्या हलक्या धक्क्याने त्या फिरतील. वरच्या मोटारीवर एक-दोन नाणी ठेवा. ती आपोआप उतरू लागेल. मग दोरा कात्रीने कापा आणि काय होते ते पाहा.

आता पुढचे काम तुमचे: दोरा कापला तरी मोटार जागच्या जागी थांबेल, अशी योजना करून पाहा.