आधी खोडरबर, मग नवा पार्ट

सकाळी 9.30
पातुरात अकोला रस्त्यालगतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीवाला शटर वर करतो. टेबलावर पेचकस, चिमटा, ब्रश, मल्टिमीटर आणि शाळेतल्या पोरांचं असतं तसं खोडरबर. जुलै संपत आलाय, पीकविम्याची धावपळ चालू आहे.

10.00
सेवा केंद्राचा पोरगा मोटरसायकलवर, प्लास्टिकात गुंडाळून कॅबिनेट आणतो.
"पंखा फिरते भाऊ, पण स्क्रीनवर काहीच येत नाई. मदरबोर्ड गेला म्हन्ते."
"कोन म्हन्ते? पाहू दे आधी."
दुरुस्तीवाला वायर लावून बटन दाबतो आणि कान देतो. लांब बीप, थांबून पुन्हा बीप. बहुतेक रॅम. कॅबिनेट बाहेर ओट्यावर नेऊन ब्लोअर मारतो. काळी धूळ उडते. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलक्या हातानं घासतो. पावसाळी ओल धरली की त्यांच्यावर थर चढतो. स्लॉटमधून ब्रश फिरवतो. दोन्ही बाजूच्या खिट्या खटकन बसेपर्यंत रॅम दाबतो.
स्क्रीन उजळते.
काम मात्र संपलेलं नाही. तारीख 2012 ची दिसते. मदरबोर्डवरचा बटनाएवढा सेल 3 व्होल्टचा, मीटर 2.3 दाखवतं. तारीख चुकली की सरकारी वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून ब्राउझर अडवतो. म्हणजे कॉम्प्युटर चालू, पण विम्याचा अर्ज बंदच. नवा सेल 40 रुपये, मेहनत 200. पोरगा तसाच घाईनं निघतो. केंद्रावर शेतकरी खोळंबलेत.

दुपारी 12.45
आलेगावचे एक काका, एस.टी.नं आलेले. काल वीज कडाडली, तेव्हापासून कॉम्प्युटर पूर्ण बंद. वायर बदलून पाहतो, काही नाही. मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डपासून सुटा करतो. हिरव्या वायरची पिन आणि काळीची पिन क्लिपनं जोडतो. पंखा हलत नाही.
"हा उघडून पाहता नाई येत काय?"
"नाई काका. प्लग काढला तरी आत करंट राह्यते."
अकोल्याला फोन. नवा एसएमपीएस 650 रुपये, गाडीवाल्याचे 30.

2.15
लाइट गेली. डबा उघडतो. भाकर, बेसन, ठेचा.

4.30
पार्सल येतं. मोठा 24 पिनांचा जोड, मग प्रोसेसरचा छोटा. हा छोटा राहून गेला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते. कॉम्प्युटर सुरू होतो.
"घरी अर्थिंग आहे काय काका?"
काका गप्प.
"मंग वायरमनले दाखवा. नाईतर हाही जाईन."
मेहनतीचे 150.

संध्याकाळी 6.30
फोटो स्टुडिओवाला. विंडोज अर्ध्यात अडकते, आतून टक टक आवाज येतो. आवाज ऐकताच दुरुस्तीवाला बटन बंद करतो. हार्ड डिस्क आतून बिघडली आहे. पुन्हा पुन्हा चालू केली तर उरलंसुरलंही जाईल.
"लग्नाचे फोटो हायेत भाऊ."
"दुसरीकडं कॉपी?"
"नाई."
असलं काम इथं होत नाही. मोठ्या शहरात डेटा काढून देणाऱ्यांकडे जावं लागतं, हजारोंचा खर्च, तरी खात्री नाही. पैसे न घेता डिस्क कागदात गुंडाळून परत देतो.

रॅम घासून चालते, सेल चाळीसात मिळतो, एसएमपीएस अकोल्याहून येतो. फोटोंची मात्र दुसरी प्रत आजच काढून ठेवा.