खाली बसलेली धूळ घराबाहेर गेलेली नसते

वैशाखात शिंदखेड्याच्या काळ्या शिवारावरून वारा सुटला, की पुसलेल्या उंबरठ्यावर घटकाभरात पुन्हा मातीचा थर बसतो. घरात दमेकरी आजोबा किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजी असतील, तर हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा राहत नाही.

खोलीतील धूळ कोठे जाते, हे अभियंते संगणकावर गणिताने पाहतात. खोलीचे असंख्य लहान कप्पे कल्पून प्रत्येकातील हवेचा वेग काढतात आणि त्या प्रवाहात हजारो कण सोडून त्यांचा मार्ग आखतात. कण खिडकीतून बाहेर पडला, की तो हिशेबातून वगळला जातो. जमिनीला किंवा भिंतीला टेकलेला कणही पुष्कळदा ‘चिकटला’ असे मानून वगळतात. त्यामुळे गणित आटोपशीर होते.

वाचकहो, घरी आपणही हेच गृहीत धरतो. परंतु टेकलेला कण गेलेला नसतो. कोरडी केरसुणी फिरली, चादर झटकली, की तो पुन्हा उठतो. म्हणूनच काटेकोर गणितात अशा पुन्हा उडणाऱ्या कणांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

कण जितका बारीक, तितका तो हवेत अधिक काळ राहतो. स्थिर हवेत १ मीटर खाली येण्यास १० मायक्रॉनच्या कणाला साधारण ५ ते ६ मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे ८ तास. फुप्फुसात खोलवर पोहोचतात ते हेच बारीक कण.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी करोनाकाळात एका लहान सार्वजनिक प्रसाधनगृहातील हवेचा असाच संगणकीय अभ्यास केला. ताजी हवा सर्वत्र सारखी पोहोचत नाही. काही कोपऱ्यांत हवा तेथल्या तेथेच घुमत राहते, असे त्यात दिसले. आपल्या घरातील रुग्णाची खाट अशा कोपऱ्यात तर नाही ना? खाटेजवळ हलका दोरा टांगून पाहावा. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडूनही तो निश्चल राहिला, तर खाटेची जागा बदलून पाहावी.

केर काढताना वृद्धांना दुसऱ्या खोलीत बसवावे. कोरड्या झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे उत्तम. पंख्याची पातीही तशीच पुसावीत. चादरी घराबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून झटकाव्यात. वावटळ असताना खिडक्या मिटाव्यात आणि वारा निवळल्यावर उघडाव्यात. ओल्या फरशीवर मात्र कोणालाही चालू देऊ नये. ज्येष्ठांना पाय घसरण्याचे भय धुळीहून कमी नाही. एवढे करूनही धाप लागत असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आणि पुसून झाल्यावर ते फडके पाण्यात पिळून, गढूळ पाणी मोरीत ओतावे. धूळ खऱ्या अर्थाने घराबाहेर जाते ती तेव्हाच.