धाब्याच्या घराचे लाकूड

धाब्याचे घर हा जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील, घराचा पारंपरिक प्रकार आहे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर काटक्या आणि सर्वांत वर मातीचे सपाट छप्पर (धाबे) अशी त्याची रचना असते. मूळचेच जड असलेले धाबे पावसात भिजल्यावर अधिक जड होते. हा भार लाकडावर येत असल्याने ते आधी नीट वाळवून वापरणे आवश्यक ठरते.

वाळवण

ताज्या लाकडातील पाणी पेशींच्या पोकळीत व पेशीभित्तिकांत असते. पोकळीतील पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. आर्द्रता कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली आल्यावर आकुंचन सुरू होते. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असल्यामुळे गोल ओंडक्याला बाहेरून गाभ्याकडे भेग पडते. अशी भेग पूर्णपणे टाळणे कठीण असते. ती लहान ठेवणे मात्र शक्य असते.

खानदेशचा कडक उन्हाळा येथे उपकारक आणि अपायकारक दोन्ही ठरतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उघड्यावरील ओंडक्याचा बाहेरचा थर झपाट्याने आकसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि लाकूड फाटते. म्हणून हिवाळ्यात तोडलेले लाकूड सावलीत, दगडांवर जमिनीपासून उचलून, थरांमध्ये पट्ट्या घालून रचतात. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते. त्यांना शेणमाती किंवा डांबर फासतात. जाड तुळई वाळण्यास वर्षाहून अधिक काळ लागू शकतो.

बाभळीसारखे लाकूड काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याचीही रीत आहे. त्यामुळे भुंगेऱ्यांना आकर्षित करणारी विद्राव्य द्रव्ये कमी होतात. हे वाळवण नव्हे. नंतर लाकूड सुकवावेच लागते.

संरक्षण

सागाचे मध्यकाष्ठ त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवीला दाद देत नाही, परंतु बाहेरील फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नसते. केवळ ‘साग आहे’ म्हणून निर्धास्त राहणे त्यामुळे चुकीचे ठरते. बिब्ब्याचे तेल हा वाळवीवरील जुना उपाय आहे. ते त्वचेला भाजते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे संरक्षक मिश्रण विकसित केले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी घरगुती वापरासाठी त्यावर निर्बंध घातले आहेत. टाकणखार व बोरिक आम्ल तुलनेने कमी विषारी असले, तरी पाण्याने धुऊन जातात. गळक्या धाब्याखाली त्यांचा उपयोग टिकत नाही.

तुळईचे भिंतीत गाडलेले टोक हा सर्वांत नाजूक भाग असतो. तेथे ओल साचते, हवा खेळत नाही आणि आर्द्रता २० टक्क्यांवर राहिल्यास बुरशी वाढू शकते. वरून लाकूड धड दिसत असताना आत ते भुसभुशीत झालेले असते. टोच्या सहज रुतल्यास ते कुजल्याचे कळते. गळती थांबवण्यासाठी धाब्यावर मातीचा नवा थर घातला, तर अशा टोकावरील वजन आणखी वाढते.