केळीचा एकच घड, दोन प्रश्न

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातली केळी बागेतून निघते, फण्या होतात, ट्रक भरतो. उत्तरेच्या बाजारात माल उतरतो तेव्हा त्यातला काही काळा पडलेला असतो.

या नुकसानीकडे दोन जण दोन तऱ्हांनी पाहतात. एक विचारतो, नाशवंत मालाचा भाव ठरतो कसा, जोखीम शेतकऱ्याच्याच माथी का येते आणि आजवरचे सिद्धांत इथे कुठे तोकडे पडतात? दुसरा विचारतो, आमच्या कंपनीची नासाडी पुढच्या हंगामात कशी घटवायची आणि उपाय लागू पडला हे सिद्ध कसं करायचं? पहिला प्रश्न पीएचडीचा, दुसरा डीबीएचा.

डीबीए म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. ही पदवी साधारणपणे व्यवसायात मुरलेल्या माणसांसाठी असते. तिलाही संशोधनपद्धती, आकडेवारी, प्रबंध चुकत नाहीत; फक्त प्रश्न स्वतःच्या कामातून उचललेला असतो. मात्र नावावर विसंबू नये. हार्वर्ड बिझनेस स्कूलची डीबीए कित्येक दशकं संशोधनाचीच पदवी होती; 2018 मध्ये तिची पीएचडी झाली. उलट कोझिकोडच्या आयआयएममध्ये नोकरी करणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमाचं नाव पीएचडी, प्रॅक्टिस ट्रॅक असं आहे.

खान्देशात दोन्ही तऱ्हांच्या शोधाची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली. 1926 मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्याच धुळे जिल्ह्यात भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर परिसरातले नाले रुंद आणि खोल केले, बंधारे बांधले, विहिरींना पाणी आणलं. एकाने कागदांतून भूतकाळ उभा केला, दुसऱ्याने जमिनीच्या पोटातलं ज्ञान शेतापर्यंत पोचवलं. दोन्ही कामं तितकीच मोलाची आहेत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी 1990 मध्ये स्थापन झालेलं, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिरवणारं विद्यापीठ पीएचडीचं जवळचं ठिकाण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं मिळतात. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मालकाचं ना-हरकत पत्र असेल तर नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी जेआरएफ ही संशोधनवृत्ती आहे, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. डीबीएचा खर्च मात्र बहुतेकदा स्वतःच्या खिशातून किंवा कंपनीकडून होतो.

कॉलेजात शिकवायचं असेल तर हिशेब वेगळा. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पण प्राध्यापकपदाकडे जायचं तर पीएचडी हवीच. त्या जागी डीबीए चालेल का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्यावं. परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने एडटेक कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीई यांनी ऑक्टोबर 2022 मध्येच दिला आहे. लाखोंची फी भरण्याआधी तो वाचलेला बरा.

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत मिळतात. आपल्या विषयातले दोन उघडावेत, त्यातलं पहिलं प्रकरण वाचावं आणि आपला प्रश्न वहीत एका वाक्यात लिहून पाहावा. ते वाक्य घेऊनच गाइडच्या दारात जावं.