पडद्यावरचीं विस्कटलेलीं अक्षरें

संगणकावर एखादें मराठी पान उघडावें आणि अक्षरांच्या जागीं नुसत्या रिकाम्या चौकटींची रांग दिसावी, किंवा वेलांट्या आणि मात्रा आपापलीं अक्षरें सोडून भलतीकडेच जाऊन बसाव्या, हा अनुभव सुशिक्षित कुटुंबांस आतां नवा राहिलेला नाहीं. अशा वेळीं कोणी म्हणतो, पान बिघडलें. कोणी म्हणतो, यंत्र बिघडलें. आणि 'खराब झालेला' म्हणून चांगला मजकूर पुसून टाकण्यापर्यंतहि मजल जाते. वस्तुतः बहुतेक प्रसंगीं लिहिलेलें शाबूत असतें. बिघडलेलें असतें तें केवळ दाखविणें. हा भेद कसा ओळखावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

दूरच्या संगणकाकडून मजकूर येतो तो चित्ररूपानें नव्हे, तर आंकड्यांच्या रूपानें. युनिकोड नांवाच्या संकेतावलीची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीसाठीं १२८ क्रमांकांची जागा राखलेली असून 'क' ह्या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. हे आंकडे वाचून पान उभें करणारा जो ब्राउझर, तो छापखान्यांतल्या जुळाऱ्यासारखा समजावा. आणि फॉन्ट म्हणजे त्याच्यापुढची खिळ्यांची पेटी. जुळाऱ्याला तीन गोष्टी लागतात: हस्तलिखित कोणत्या संकेतांत आहे ह्याची माहिती, पेटींत हवे ते खिळे, आणि जोडाक्षरें जुळविण्याचें ज्ञान. ह्यांपैकीं काय उणें पडलें, हें पान कोणत्या तऱ्हेनें विस्कटलें त्यावरूनच बहुधा कळतें.

परंतु त्याआधीं दोष कोठें आहे तें पाहावें. दुसरें एखादें मराठी पान उघडावें. तें नीट दिसलें तर संशय पहिल्या पानाचा. तेंच पान दुसऱ्या ब्राउझरमध्यें उघडावें. तेथें नीट दिसलें तर संशय पहिल्या ब्राउझरचा. दोन्हींकडे सगळींच मराठी पानें बिघडलेलीं दिसलीं, तर संगणकांत फॉन्ट आहे कीं नाहीं, तें पाहावें. चित्रें गहाळ असलीं किंवा रकाने एकमेकांवर चढलेले असले, तर पुष्कळदां ब्राउझरनें जवळ सांठवलेली पानाची जुनी प्रत त्यास कारण असते. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां पान नव्यानें मागविलें जातें. अक्षरें अवास्तव मोठीं किंवा बारीक दिसत असलीं, तर कंट्रोल व शून्य ह्या कळांनीं तीं मूळ मापावर येतात.

आतां अक्षरांकडे वळूं. रिकाम्या चौकटी दिसल्या म्हणजे समजावें, कीं पेटींत खिळे नाहींत. ह्या चौकटींना इंग्रजींत थट्टेनें 'टोफू' म्हणतात, आणि ती नाहींशी व्हावी ह्या हेतूनेंच गूगलच्या फॉन्टमालेला 'नोटो' हें नांव पडलें. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून 'निर्मला' हा देवनागरी फॉन्ट संगणकांत मुळांतच असतो. इतर ठिकाणीं नोटोचा देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतो. तो बसविला कीं काम झालें.

दुसरी तऱ्हा म्हणजे एकेका मराठी चिन्हाच्या जागीं तीन-तीन परकी चिन्हें दिसणें, आणि त्यांत माथ्यावर तिरपी रेघ असलेलें एक रोमन अक्षर पुन्हांपुन्हां येणें. हा संकेताचा घोटाळा. यूटीएफ-८ ही पद्धति केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं १९९२ सालीं बसविली. तींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिलें जातें. ब्राउझरनें तें पश्चिम युरोपीय पद्धतीचें समजून वाचलें, कीं एकेका बाइटाचें एकेक अक्षर होतें. दोष बहुधा पान बनविणाऱ्याचा असतो; त्यानें आपला संकेत जाहीर करावयास हवा. फायरफॉक्समध्यें मात्र 'व्ह्यू' ह्या यादींत ही चूक सुधारून घेण्याची सोय आहे.

तिसरी तऱ्हा जुळणीची. 'कि' लिहितांना आपण वेलांटी आधीं काढतों, पण युनिकोडमध्यें 'क' आधीं आणि वेलांटी मागून येते. तिला उचलून डावीकडे नेणें हें जुळाऱ्याचें काम. तें त्याला येत नसलें, तर वेलांटी उजवीकडेच राहते, आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहतात. मराठींतल्या 'वाऱ्यावर' ह्या शब्दांतला आडवा रफार तर जुन्या ब्राउझरची खरी परीक्षाच होय. येथें उपाय एकच: ब्राउझरची नवी आवृत्ति घ्यावी.

चौथी तऱ्हा सर्वांत अधिक जिव्हाळ्याची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर अशा फॉन्टांत टंकलिखित झाला, कीं ज्यांत रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या होत्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडला, तर निरर्थक रोमन अक्षरांचें कडबोळें दिसतें. एखाद्या घरांतल्या आजोबांच्या आठवणी, आईच्या कविता, संस्थेचा इतिहास अशाच रूपांत पडून असतो, आणि पुढची पिढी तो 'खराब' समजून काढून टाकते. तो खराब नसतो. मूळ फॉन्ट मिळविला, किंवा त्या फॉन्टासाठीं केलेला परिवर्तक वापरला, तर त्यांतलें अक्षर न् अक्षर पुन्हां वाचतां येतें.

म्हणून शेवटीं एक पथ्य सांगतों. पडद्यावर विस्कटलेलें दिसणारें लेखन पडद्याच्या भरंवशावर कधींहि 'दुरुस्त' करूं नये. सरकारी अर्जांत आपलें नांव वेडेंवांकडें दिसलें म्हणून वेलांटी अक्षराच्या आधीं टंकित केली, तर आपल्या पडद्यावर कदाचित् समाधान होईल, परंतु दुसऱ्या निर्दोष संगणकावर तेंच नांव खरोखर चुकीचें उमटेल. तसेंच चुकीच्या संकेतानें वाचलेला मजकूर त्याच रूपांत जतन करूं नये. ज्या पानावर काळ्या चौकोनांत प्रश्नचिन्हें दिसतात, तेथें ब्राउझरला मूळ आंकडा उमगलेला नसतो. तीं प्रश्नचिन्हेंच जतन केलीं, तर मूळ अक्षर त्या प्रतींतून कायमचें जातें. तोंपर्यंत तें फक्त दिसत नव्हतें, आतां तें उरत नाहीं. ह्यासाठीं आधीं मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी, मग उपाय करावे. न दिसणें आणि नसणें ह्यांतलें अंतर जो सांभाळील, त्याच्या घरचें लिखाण संगणक बदलला तरी वाचतां येईल.