शाळेचा लोगो सजवा, पण ओळख पुसू नका

सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की शाळेकडून पेंटरला बोलावणे येत असे. फाटकाला रंग द्यायचा, नावाच्या फलकाखाली तिरंगी पट्टा ओढायचा, तारखेच्या आत काम उरकायचे. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रशवर पोट असणाऱ्या अनेक कारागिरांच्या हातचे काम गेले. आज शाळेचे आणखी एक फाटक मोबाईलमध्ये उभे आहे. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर शाळेच्या नावापुढे जे गोल चित्र दिसते, ज्याला सर्वजण डीपी म्हणतात, तेच हे फाटक. त्याला सणाप्रमाणे व ऋतूप्रमाणे सजवणे हे नवे काम आहे. डीटीपी, फ्लेक्स आणि पेंटिंगच्या धंद्यातील बंधूंनी ते समजून घेतले पाहिजे.

ही कल्पना फार जुनी नाही. ३० ऑगस्ट १९९८ रोजी गूगलने आपल्या नावाच्या अक्षरांमागे एक लहानशी आकृती जोडली. तेव्हापासून प्रसंगानुसार लोगो बदलण्याची त्यांची प्रथा पडली. आपल्याकडे २०२२ साली पंतप्रधानांनी २ ते १५ ऑगस्ट या काळात डीपीवर तिरंगा लावण्याचे आवाहन केले आणि देशभर लाखो लोकांनी तो लावला. भावना चांगली होती, पण कारागिराने त्यातून एक धडा घ्यावा. सगळ्यांचा डीपी एकच झाला की कोणते खाते कोणाचे, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळाने एक्स (पूर्वीचे ट्विटर) वरील आपला डीपी बदलून तिरंगा ठेवला, तेव्हा खाते खरे असल्याची खूण काही काळ निघून गेली. डीपी बदलला की त्या कंपनीचा नियम खाते पुन्हा तपासण्याचा होता.

शाळेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अक्षरओळख नसलेली आई शाळेचा निरोप नावाने नव्हे, चित्राने ओळखते. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडून पैसे मागण्याचे प्रकार आज सर्रास घडतात. शाळेचा लोगो दर महिन्याला नवाच दिसू लागला, तर फीची मागणी खऱ्या शाळेची की ठगाची, हे त्या आईने ओळखावे कसे? म्हणून पहिला नियम असा की, मूळ आकृती, शाळेचे नाव आणि मुख्य रंग यांना हात लावू नये. बदलायची ती फक्त एक गोष्ट. कड, पार्श्वभूमी किंवा कोपऱ्यातील लहान खूण. प्रसंग संपला की मूळ लोगो परत लावावा.

खूण आपल्या मातीतील असावी. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यातच आहेत. पावसाळ्यात तेथे वाघूर नदीचा धबधबा कोसळतो. जूनमध्ये शाळा उघडताना लोगोखाली हिरवी डोंगररेघ आणि पाण्याची धार शोभेल. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालते, तेव्हा फुटलेले बोंड घ्यावे. ११ नोव्हेंबर हा मौलाना आझाद यांचा जन्मदिवस, म्हणजेच राष्ट्रीय शिक्षण दिन, तर ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. या दिवशी लेखणी किंवा उघडे पुस्तक पुरेसे आहे. ईदसाठी चंद्रकोर घ्यावी, मात्र चित्रात तारीख छापू नये, कारण ती चंद्रदर्शनावर ठरते.

आता कामाची पद्धत. चित्र चौरस करावे, १०८० बाय १०८० पिक्सेल पुरे. दिसताना ते गोल कापले जाते, म्हणून कोपऱ्यात काही ठेवू नये. यूट्यूब ८०० बाय ८०० चे चित्र मागते, पण दाखवते अवघे ९८ बाय ९८ एवढे. तेव्हा तयार चित्र नखाएवढे लहान करून पाहावे. खूण ओळखू आली नाही तर ती काढून टाकावी. फ्लेक्ससाठी केलेली सीएमवायके फाईल तशीच देऊ नये. मोबाईलवर रंग बिघडतात, म्हणून आरजीबी करूनच द्यावी.

कायद्याचेही भान हवे. राष्ट्रध्वजावर अक्षरे लिहिणे १९७१ च्या कायद्याने अवमान ठरते, म्हणून तिरंग्याच्या चित्रावर शाळेचे नाव टाकू नये. लोगोभोवती तीन रंगांची बारीक कड ओढणे बरे. सिंहांची राजमुद्रा खासगी शाळेने वापरू नये, त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. इंटरनेटवरून उचललेले दुसऱ्याचे चित्र आपले म्हणून विकणे ही तर सरळ चोरीच होय.

शेवटी व्यवहाराविषयी. एकेका सणाला धावाधाव करण्यापेक्षा शाळेशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलणी करावी. वर्षभरात पाच-सहा चित्रे पुरतात. कोणती, कोणत्या तारखेला द्यायची, मोबदला किती, दुरुस्ती किती वेळा आणि चित्रावरचा हक्क कोणाचा, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. खात्याचा पासवर्ड आपण घेऊ नये, चित्र शाळेनेच लावावे. उद्या काही गडबड झाली तर संशय आपल्यावर येता कामा नये.

फ्लेक्स आला तेव्हा आपण उशिरा जागे झालो. डीपीचे काम लहान दिसते. पण फलकावरचे अक्षर दुरून कसे वाचले जाते हे ज्या पेंटरला कळते, त्याला नखाएवढ्या चित्रात काय ठेवावे आणि काय गाळावे हेही लवकर उमगेल. हुन्नर तोच आहे, फक्त भिंत बदलली आहे.