पुढचा ब्रेक सोडून ठेवू नका



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रीघ लागते. त्याच रस्त्याने आपली पोरं सायकलीवर शाळेला जातात. मोठी माणसं आता फटफटीवर आली. सायकल उरली ती मुख्यतः शाळकरी मुलांची आणि काही कामगार बांधवांची. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, त्यामुळे मुलीही सायकलीवर दिसू लागल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. पण सायकल दारात आली तरी ब्रेक कसा दाबावा हे घरात कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हॅण्डलवरून तोंडावर आपटतो! म्हणून कुणी तो सैल करून ठेवतात, कुणाची सळई निखळली तर ती परत बसवतच नाहीत. "मागचा आहे की," म्हणतात. हा समज अगदीच खोटा नाही, पण अर्धवट आहे आणि त्यातच धोका आहे.

एस. टी.च्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभी माणसं पुढं झुकतात. सायकलचेही तसेच होते. ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो, ते रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला कितीही आवळा, ते फिरायचे थांबते आणि खरडत जाते. सायकल मात्र चाललेलीच असते. ताशी २० किलोमीटर वेग धरला तर कोरड्या डांबरावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला साधारण ६ मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट लावले तर निम्म्यात भागते. शिवाय धोका दिसून हात दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात साडेपाच मीटर सरलेले असतात. पुढची ट्रॉली एकाएकी थांबली तर हे ३ मीटर म्हणजे ट्रॉलीची फळी आणि पोराचं कपाळ यांच्यातलं अंतर आहे.

मग माणूस पडतो कशाने? घाबरून पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबल्याने, आणि हात ढिले असल्याने. चाक थांबते, अंग थांबत नाही. म्हणून दोन्ही हात बरोबर दाबावेत, आधी हलके, मग दाब वाढवत. बैठक सीटवर मागे सरकवावी, हात ताठ धरावेत. मागचे चाक उचलल्यासारखे वाटले की पुढचा हात थोडा सैल करावा. एका सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर पोराला चार-पाच वेळा हे करायला लावा. सांगून येत नाही, हाताला सवय व्हावी लागते. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हेही तेव्हाच पाहून घ्या. बहुधा उजवा पुढचा असतो, पण जोडणाऱ्याने उलट केलेलेही असते.

फटफटीवाल्यांनीही हे वाचावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना दोन्ही चाकांना मिळून लागणारा ब्रेक किंवा एबीएस बसवणे सक्तीचे झाले. सायकलीला तशी काही सोय नाही, तिथे आपले दोन हातच ते काम करतात.

आता आपला रस्ता. फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. पाचट पडते, वाढं पडतं, कुठे टँकरमधून मळी सांडलेली असते. त्यावर पहाटेचे दव बसले की रस्ता साबणासारखा होतो. अशा जागी पुढचा ब्रेक जोरात लावू नये, कारण पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. वळणावरही तेच. ब्रेक वळणाच्या अलीकडे लावून वेग कमी करावा आणि मग वळावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. चालत्या ट्रॉलीला सायकल लावून ऊस ओढणारी पोरं आपण सगळेच पाहतो आणि हसून सोडून देतो. त्या वेळी एक हात उसाला असतो, म्हणजे एक ब्रेक गेलाच. उसाची मोळी सैल होऊन अंगावर येते ती वेगळीच. मागे येणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला तर मनात आले तरी चटकन थांबता येत नाही. ऊस खायचा तर घरच्या फडातला खावा. ड्रायव्हर आणि मुकादम मंडळींनीही पोरांना दटवावे.

उताराचेही पाहा. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ५४० मीटरच्या वर. नांदेड गोदाकाठी, ३६० मीटरच्या आसपास. मधला उतार कुठे ना कुठे लागतोच. कॅरियरवर दुधाचा कॅन किंवा डबलसीट असेल तर वेग वाढण्याआधीच ब्रेक धरावा. हॅण्डलला पिशवी अडकवू नये, ती सळईत गुंतते.

देखभाल अवघड नाही. काळी माती मडगार्डात आणि ब्रेकच्या खोबणीत अडकून वाळली की ब्रेक जाम होतो. काडीने काढून टाकावी. रबराचे घर एका तोंडाला उघडे असते. चाक ज्या दिशेने फिरते त्या बाजूचे तोंड बंद हवे, नाहीतर ब्रेक दाबताच रबर बाहेर सरकते. चाक आऊट असेल तर ब्रेक धक्के देत लागतो, आधी आऊट काढून घ्यावा. खंडेनवमीला सायकल धुऊन तेलाच्या फडक्याने चमकवतात, ते ठीक, पण रिमला आणि रबराला तेल लागू देऊ नये. मुलीची बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का, हेही पाहा. मोठ्या माणसाच्या मापाचा लिव्हर लहान हाताला निम्माच दाबला जातो.

पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. तेव्हा थांबायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवून ठेवावा. दोन-चार फेऱ्यांत रबराने पाणी पुसले जाते आणि मग पकड येते.